गुरुवारची बाटली

फर्नां लाकोसादच्या पायाची जखम
मी दर गुरुवारी धुते.
आज त्यानं माझी कात्री उशाखाली सरकवली
आणि म्हणाला, आधी तळघरात जा.
डावीकडचा तिसरा कप्पा,
खडूनं काढलेला उलटा पाच.
ओदेत डावखुरी होती.

खाली नदीचा ओलावा भिंती धरून बसलेला.
बाटलीला लेबल नाही, नुसता धुळीचा सदरा,
आणि वाइन खांद्याच्याही खाली उतरलेली.
वर येऊन विचारलं, एवढी कुणी प्याली?
"हवेनं," तो म्हणाला,
"पन्नास वर्षं रोज एक थेंब,
आणि एकदाही झिंगली नाही."

बूच अर्ध्यात मोडलं.
उरलेलं बोटानं आत ढकललं
आणि माझ्या पिशवीतल्या कोऱ्या गॉझमधून
सगळी हळूहळू गाळली.
लाल रंगाची वाट पाहत होते मी.
आली विटकरी,
कडेला तर अगदी भरत आलेल्या खपलीसारखी.

त्याला वास येत नाही.
तीन हिवाळ्यांमागच्या तापानं नाक नेलं,
ज्या नाकाला विचारल्याशिवाय
या गावात पिंपाला हात लागत नसे.
"तू पी," म्हणाला. "आणि मला सांग.
खोटं बोलायचं नाही.
विकणाऱ्यांसारखं तर मुळीच नाही."

मला कुठं येतं.
मी म्हटलं, लोखंड.
म्हटलं, आयोडीन, आमच्या दवाखान्यातलं
बँडेजचं कपाट उघडल्यावर येतं ते.
तो हसला, छातीतला कफ हलेपर्यंत.
"पुढे?"

पुढे थोडा वेळ काहीच नव्हतं.
मग जिभेच्या मागून,
पलीकडच्या खोलीतून कुणी नाव घेऊन हाक मारावी
तसा मनुका.
मनुकाही नाही, मनुकेचा देठ.
ओला पाला, त्याखाली भूछत्र,
कुणाच्या तरी कोटाच्या खिशातला जुना तंबाखू,
आणि एक लाकूड, नुकतंच तासलेलं, बारीक,
पेन्सिलीला टोक करताना उडतं तसं.

"थांब," तो म्हणाला.
"ती पेन्सिल माझ्या बापाची.
पिंपं बांधायचा तो. कानामागं असायची.
मिठी मारली की इथं टोचायची."
आणि गालावर बोट ठेवून
बराच वेळ तसाच बसला.

मग त्यानंही एक घोट घेतला.
नाक नाही, तर हिरड्यांनी घेतला,
गालाच्या आतल्या कातडीनं घेतला.
"पंच्याहत्तर साली ही चावायची.
सुकं कातडं चघळावं तशी.
ओदेत म्हणाली, ओतून टाक, सिरका कर.
मी भांडलो. दोन दिवस जेवलो नाही.
आणि आता बघ,
नखं आत ओढून मांडीवर बसलंय मांजर."

मी पट्टी सोडली, जखम धुतली,
कडेची मेलेली कातडी काढली, नवी पट्टी बांधली.
वीस मिनिटं, फार तर पंचवीस.
पुन्हा पेला उचलला तेव्हा
थंड चहा होता त्यात.
मग चहाच्या कपात विसळलेलं पाणी.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता.
"आता?"

सांत्वनाची वाक्यं मला पाठ आहेत,
रोज कुणाला ना कुणाला लागतात.
"गेली," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "वाजले किती?"
सवयीनं मनगट आधीच वळलं होतं माझं.
अकरा चाळीस.
"लिहून ठेव."
तपासणीच्या वहीत, रक्तदाबाच्या खाली,
मी खरंच लिहिलं.

कात्री मागून घेतली. ताट झाकून ठेवलं.
गॉझ फेकायचा राहिला, एप्रनच्या खिशातच गेला.
द्राक्षमळ्यांमधून गाडी चालवत
मादाम दारिगादकडे पोचले,
इंजेक्शनला उशीर झाला होता,
तिनं दार उघडलं, ओरडायला तोंडही उघडलं,
आणि तशीच थबकून
माझ्याभोवतीची हवा हुंगत म्हणाली,
"अगं, कुठल्या रानातून आलीस तू?"